जुना वाडा, चार संगणक आणि भोक पाडायला मनाई: वायरलेस कसं निवडायचं?

ताई, आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा सांगतो. दांडिया बाजारातला जुना वाडा, मधे चौक, पुढे एक भाग आणि मागे एक. फायबरचं यंत्र पुढच्या दिवाणखान्यात, तळमजल्यावर. त्याच्या शेजारीच नानांचा, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचा, जुना डेस्कटॉप, ज्यात घरातले सगळे फोटो आहेत. तुम्ही पुढच्याच भागात दुसऱ्या माळ्यावर हिशेबाचं काम करता. यजमानांचा लॅपटॉप घरभर फिरतो. मुलाचा संगणक मागच्या भागात पहिल्या माळ्यावर, आणि तिथे नेट कधी असतं, कधी नसतं. शिवाय एक प्रिंटर. भिंतीला भोक पाडायला नानांची सक्त मनाई. दुकानदार म्हणतो मेश घ्या, भाचा म्हणतो रिपीटर पुरे, आणि तुमच्या डोळ्यांसमोर सहा अँटेनांचा राउटर नाचतोय. या तिघांतलं कुठलं, असं तुम्ही विचारलंत.

मी वडोदऱ्यात हेच काम गेली वीसेक वर्षं करतो. मांडवीपासून मांजलपूरपर्यंत बरीच घरं पाहिली. माझं म्हणणं थोडक्यात असं: खोका कुठला घ्यायचा हे शेवटी ठरवा. आधी कुठला संगणक तारेवर बसू शकतो ते बघा, आणि मग वाड्यात लहरींना जायला वाट कुठून आहे ते बघा. ही दोन उत्तरं मिळाली की साधा खोकासुद्धा चालतो. ती न शोधता घेतलेला महागडा खोकाही त्याच दीड फुटी भिंतीवर डोकं आपटतो.

वाड्याची एक गंमत आहे. फ्लॅटमध्ये आतल्या भिंती चार-सहा इंची असतात आणि स्लॅबमध्ये लोखंडाची जाळी असते, त्यामुळे सिग्नल आडवा बरा जातो आणि वरच्या मजल्यावर मरतो. वाड्यात नेमकं उलट. भिंती दीड-दोन फुटांच्या, विटांच्या आणि चुन्याच्या, पण माळे लाकडी तुळयांचे आणि फळ्यांचे. कोरडं लाकूड वाय-फायला फारसं अडवत नाही. म्हणून तुमच्याकडे वरच्या माळ्यावर चालतं आणि मागे चालत नाही. मधल्या काळात कुणी फळ्या काढून स्लॅब ओतला असेल, तर मात्र हा हिशेब बदलेल. तेवढं बघून घ्या.

लहरींचंही दोन शब्दांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. घरातलं वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, दुसऱ्याची पाच-सहा सेंटिमीटरची. २.४ भिंतीतून जरा बरं निघतं, पण तिथे सगळ्यांचीच गर्दी: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन. आपल्याकडे २.४ चा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो, आणि त्याच मोकळिकीची गर्दी आज दांडिया बाजारासारख्या दाट वस्तीत दिसते. ५ वर वेग जास्त आणि जागा मोकळी, पण जाड भिंत आली की ते लवकर दमतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पट्ट्यातल्या एका वाहिनीवर, म्हणजे चॅनलवर, एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. पंगतीत वाढपी एकच असावा तसं. तो जवळच्या पानावर झटकन वाढतो, पण टोकाला बसलेल्या आजोबांना ऐकू कमी येत असेल तर त्यांच्याशी तीनदा बोलण्यात त्याचा वेळ जातो आणि बाकीची पानं रिकामी राहतात. घरातलं एक जुनं किंवा लांबचं यंत्र सगळ्यांचं नेट मंद करतं ते असं. तुमच्या घरात ते आजोबा म्हणजे नानांचा डेस्कटॉप असण्याची दाट शक्यता आहे. जुना आहे म्हणता, म्हणजे त्यात मागे लावलेलं छोटं डोंगल, म्हणजे वाय-फाय पकडणारी यूएसबीची कांडी, असणार. ते ८०२.११ जी या जुन्या वाय-फाय प्रमाणाच्या काळातलं असेल, तर कागदावरचा त्याचा वेग सेकंदाला ५४ मेगाबिट, आणि हातात येतो त्याच्या निम्म्याहून कमी. ते प्रमाण २००३ सालचं आहे.

आणि तो संगणक फायबरच्या यंत्राशेजारीच आहे! मग त्याला वायरलेस कशाला? दोन मीटरची तयार लॅन केबल आणा, यंत्रातून थेट संगणकात लावा, डोंगल काढून टाका. भोक नाही, वायरमन नाही. एवढ्यानेच बाकीच्या तिघांसाठी हवा मोकळी होईल. फरक किती पडेल हे त्या डोंगलवर आणि नाना काय बघतात त्यावर अवलंबून आहे, पण असा बदल फुकट गेलेला मी पाहिलेला नाही.

तारेचा आग्रह मी आणखी एका कारणासाठी धरतो. तुम्हाला संगणक 'जोडायचे' आहेत ते फक्त इंटरनेटसाठी की आपसात फायली द्यायला-घ्यायला? नुसतं इंटरनेट हवं असेल आणि तुमची योजना १०० मेगाबिटची असेल, तर घरातल्या वायरलेसने त्याहून फार जास्त पळून उपयोग नाही. पण नानांच्या संगणकातले फोटो सगळ्यांना हवे असतील तर गणित वेगळं होतं. दहा गिगाबाइटचा एक फोल्डर घ्या. मागच्या खोलीत आज जसा सिग्नल असेल, समजा खरे २० मेगाबिट, तर तासाभराहून जास्त वेळ. चांगल्या ५ गिगाहर्ट्झवर खरे ३०० मेगाबिट मिळाले तर साडेचार मिनिटं. दोन्हीकडे गिगाबिटची तार असेल तर दीड-दोन मिनिटं. यंत्राचं किंवा संगणकाचं लॅन पोर्ट फक्त १०० मेगाबिटचं निघालं तर तारेवरही चौदा-पंधरा मिनिटं लागतील, तेव्हा पोर्टावर काय लिहिलंय ते वाचा. आणि खोक्यावर छापलेला वायरलेसचा वेग कधीच खरा धरू नका. निम्मा मिळाला तरी खूश व्हायचं.

आता तुमच्या तीन उमेदवारांकडे येतो.

सहा अँटेनांचा राउटर विसरा. अँटेना वाढल्या म्हणून भिंत पातळ होत नाही. बाहेर फेकायच्या ताकदीला सरकारी मर्यादा आहे आणि ती सगळ्यांना सारखी. शिवाय बोलणं दोन्ही बाजूंनी व्हावं लागतं. राउटर कितीही ओरडला तरी मुलाच्या संगणकातलं चिमुकलं कार्ड तेवढ्या मोठ्याने उत्तर देऊ शकत नाही. मग फोनवर सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसतात आणि पान काही उघडत नाही. ही तक्रार मी आठवड्याला एकदा तरी ऐकतो.

रिपीटर स्वस्त आहे, आणि योग्य जागी लावला तर कामही करतो. पण साधा रिपीटर जे ऐकतो तेच त्याच वाहिनीवर पुन्हा बोलतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा जाते आणि वेग निम्मा होतो. दोन पट्ट्यांचा असेल तर एका पट्टीवर ऐकून दुसऱ्यावर बोलतो, तो बरा. लोकांची नेहमीची चूक म्हणजे जिथे सिग्नल नाही तिथेच तो लावायचा. जिथे त्यालाच ऐकू येत नाही, तिथून तो काय सांगणार? त्याची जागा मधे, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे. आणि वाड्यात मधे काय असतं? चौक. त्यावर येतोच.

मेश म्हणजे एकाच नावाने चालणारे दोन-तीन खोके. तुम्ही लॅपटॉप घेऊन फिरलात की जोडणी एकाकडून दुसऱ्याकडे बऱ्यापैकी गुपचूप जाते, आणि सगळं फोनवरच्या एका अॅपमधून सांभाळता येतं. यजमानांचा लॅपटॉप फिरता आहे म्हणून तुम्हाला हे सोयीचं आहे. पण दुकानदाराने एक गोष्ट सांगितली नसेल: मेशचे खोके आपसात तारेने जोडले नसतील, तर त्यांनाही तीच भिंत ओलांडायची असते. एक दिवाणखान्यात आणि एक मुलाच्या खोलीत ठेवलात तर दुसरा खोका मुलाला पूर्ण दांड्या दाखवेल आणि स्वतः उपाशी राहील.

तर चौक. वाड्यात पुढून मागे जायची लहरींची खरी वाट भिंतीतून नाही, चौकातून आहे. चौकाकडे सज्जे असतात, खिडक्या-दारं असतात, आणि मधे वीस-पंचवीस फूट मोकळी हवा. ५ गिगाहर्ट्झला याहून चांगलं मैदान नाही. रावपुऱ्यातल्या एका वाड्यात मी असाच खोका पुढच्या सज्ज्यात, चौकाकडे तोंड करून बसवला. मे महिन्यात सगळे खूश. जुलैत फोन आला, मागे नेट बंद. मी दोन खेपा घातल्या, खोका बदलला, वाहिनी बदलली, काही होईना. तिसऱ्या खेपेला मान वर करून पाहिलं तर पावसाची झड येते म्हणून मागच्या सज्ज्याला त्यांनी उभे पत्रे ठोकले होते. लोखंडी पत्रा म्हणजे लहरींसाठी आरसा. खोका दोन हात सरकवून पत्र्यांच्या पलीकडच्या खिडकीसमोर आणला आणि काम झालं. पहिल्याच दिवशी 'पावसाळ्यात इथे काय करता' एवढं मी विचारायला हवं होतं. तेव्हापासून विचारतो. तुम्हालाही विचारतो.

म्हणून तुमच्या घरासाठी मी असं करीन. फायबरच्या यंत्रापासून एक लॅन केबल जिन्याने वर, पहिल्या माळ्यावर पुढच्या भागातल्या चौकाकडच्या खिडकीपर्यंत. जिन्याला भोक लागत नाही. लाकडी कठड्याच्या आतल्या बाजूने क्लिपा मारल्या की तार दिसतसुद्धा नाही. त्या खिडकीत वाय-फाय ६ या नव्या प्रमाणाचा, दोन पट्ट्यांचा, पुढे मेश वाढवता येईल असा एकच खोका. तो वर फळ्यांतून तुम्हाला पोचेल, खाली दिवाणखान्याला पोचेल, आणि चौकातून समोर मागच्या भागाकडे बघेल. मुलाची खोली चौकाकडे उघडत असेल तर एवढ्यावरच भागण्याची शक्यता बरीच आहे. खोली चौकाला लागून नसेल, आतल्या बाजूला असेल, तर दुसरा खोका लागेल. तो मागच्या भागात चौकाकडच्याच खिडकीत, पहिल्याच्या समोरासमोर ठेवायचा. दोघे मोकळ्या हवेतून बोलतील, आणि तिथून आत मुलाच्या खोलीपर्यंत एक तार किंवा एकच भिंत. दोन्ही खोके एकदम घेऊ नका. एक घ्या, आठवडाभर वापरा, मग ठरवा.

पैसे खर्च करण्याआधी एक फुकटची चाचणी करा. एका फोनवर हॉटस्पॉट चालू करा, सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झ निवडा, आणि तो त्या खिडकीत ठेवा. दुसऱ्या फोनवर वाय-फायची ताकद दाखवणारं एखादं मोफत अॅप घ्या आणि मुलाच्या टेबलाशी जाऊन आकडा बघा. आकडा उणे असतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ च्या आसपास चांगलं चालतं, उणे ७५ च्या पलीकडे रडारड सुरू. फोनची ताकद राउटरपेक्षा कमी असते, तेव्हा फोनवर जमलं तर राउटरवर नक्की जमेल. खिडक्या उघड्या ठेवून एकदा आणि बंद करून एकदा, असं दोनदा मोजा. साध्या काचेने फार बिघडत नाही, पण उन्हासाठी चमकदार फिल्म लावली असेल तर ती पत्र्याचीच बहीण. खोका लोखंडी कपाटावर, फ्रिजमागे किंवा आरशामागे ठेवू नका, एवढं सांगायला नकोच.

नानांची परवानगी हा तांत्रिक प्रश्न नाही, पण त्यावर माझ्याकडे एक तोडगा आहे. तुमच्याकडे कधीकाळी टीव्हीची केबल मागच्या खोलीत गेली होती का? बहुतेक वाड्यांत गेलेली असते, आणि त्या केबलवाल्याने पाडलेलं भोक अजून तिथेच असतं, फक्त त्यात मेलेली तार पडून असते. त्या जुन्या तारेच्या टोकाला कॅट ६ प्रकारची लॅन केबल चिकटपट्टीने बांधायची आणि दुसऱ्या बाजूने हळूहळू ओढायची. जुनी बाहेर, नवी आत. नवं भोक एकही नाही. हे जमलं तर दुसऱ्या खोक्याला हवेऐवजी तार मिळते, आणि मग मागच्या खोलीचा प्रश्न कायमचा मिटतो. लॅन केबल शंभर मीटरपर्यंत पूर्ण वेगाने चालते, वाडा केवढाही मोठा असला तरी पुरते.

अगाशीवरून, म्हणजे गच्चीवरून, तार टाकायचा मोह मात्र टाळा. आपल्या गावात उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, अगाशीवर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. मांजा आणि पन्नास पायांच्या मधे सापडलेल्या केबली मी दर जानेवारीत जोडतो. पावसाळ्यात विजेचं भय वेगळंच, कारण उघड्यावरची तांब्याची तार झटका घरात आणून सोडते. चौकाच्या सज्ज्यातून, छपराखालून न्या.

विजेच्या तारांतून नेट पाठवणारे प्लगही मिळतात. 'भोक नको' म्हणणाऱ्यांना ते फार आवडतात. नव्या, एकाच मीटरच्या घरात ते ठीक चालतात. वाड्यांत माझा अनुभव खराब आहे: वाटण्या झालेल्या असतात, पुढचं मीटर वेगळं, मागचं वेगळं, नाहीतर फेज वेगळा, वायरिंग तीन पिढ्यांचं, त्यात इन्व्हर्टर. परत घेणारा दुकानदार असेल तरच आणून बघा.

आता बसवताना हमखास होणाऱ्या चुका सांगतो. बहुतेक 'प्रिंटर दिसत नाही' या तक्रारी इथूनच निघतात. नवा खोका राउटर म्हणून लावला तर तो आपलं वेगळं घर थाटतो. फायबरच्या यंत्राला जोडलेला नानांचा संगणक एका घरात, तुम्ही दुसऱ्या घरात. इंटरनेट दोघांना मिळतं, म्हणून काही बिघडलंय असं वाटत नाही, पण एकमेकांच्या फायली दिसत नाहीत. खोक्याच्या सेटिंगमध्ये 'अॅक्सेस पॉइंट' हा प्रकार निवडा, म्हणजे पत्ते वाटायचं काम एकटं फायबरचं यंत्र करील. मग त्या यंत्राचं स्वतःचं वाय-फाय बंद करा, नाहीतर लॅपटॉप जुन्याच नावाला चिकटून बसतो. संगणक किंवा प्रिंटर 'गेस्ट' नेटवर्कवर टाकू नका. ते पाहुण्यांसाठी असतं आणि पाहुण्यांना माजघर दाखवत नाहीत. विंडोजमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवा. पूर्वी विंडोजमध्ये होमग्रुप नावाची सोय होती, ती २०१८ मध्ये काढली, तेव्हा जुने व्हिडिओ बघून ती शोधत बसू नका. फोल्डरवर उजवी टिचकी मारून 'शेअर' करायचं, एवढंच.

प्रिंटर बहुधा फक्त २.४ वर चालणारा असेल. जोडताना तो सापडला नाही तर थोडा वेळ ५ चा पट्टा बंद करून जोडा, मग पुन्हा चालू करा. २.४ साठी वाहिनी १, ६ किंवा ११ यांपैकी जी कमी गर्दीची असेल ती. बाकीच्या वाहिन्या शेजारच्यांच्या अंगावर चढतात. वाहिनीची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा.

मुलाच्या संगणकात डोंगल लावायचं असेल तर पाठीमागे, लोखंडी डब्याच्या आणि भिंतीच्या फटीत लावू नका. फूटभर यूएसबी एक्स्टेन्शनने टेबलावर आणा. यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टांमधून २.४ वर खरखर होते, हेही एक कारण आहे. नवं डोंगल दोन पट्ट्यांचंच घ्या.

वाय-फायच्या कुलपाचे प्रकार असतात. संरक्षणासाठी डब्ल्यूपीए ३ असेल तर ते, नाहीतर डब्ल्यूपीए २. नानांचं काढून ठेवलेलं डोंगल फक्त डब्ल्यूईपी हा जुना प्रकार जाणत असेल तर ते कुणाला देऊही नका. त्या प्रकाराचं कुलूप २००१ मध्येच फुटलं आहे. डब्ल्यूपीएसचं बटण, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडणी देणारं, सेटिंगमधून बंद करा. आणि पासवर्ड म्हणून घरातला फोन नंबर नको. आपल्या बाजारात तो सगळ्यांनाच पाठ असतो.

तुमचा भाग उंचावर आहे, पण विश्वामित्री नदीच्या जवळ राहणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर: ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर मी तळमजल्यांवरची चिखलाने भरलेली बरीच यंत्रं फेकून दिली. फायबरचं यंत्र आणि त्याचा प्लग कंबरेच्या वर बसवा. त्याने सिग्नलही सुधारतो.

तर ताई, नानांची केबल आजच लावा, त्याला कुणाला विचारायला नको. मग हॉटस्पॉटची चाचणी करा आणि मला चार गोष्टी कळवा: मुलाच्या टेबलाशी दोन्ही वेळा आलेला आकडा, त्याची खोली चौकाकडे उघडते की नाही, फायबरच्या यंत्रावर ५ गिगाहर्ट्झ आहे का, आणि टीव्हीच्या केबलचं जुनं भोक सापडलं का. दुसरा खोका घ्यायचा की नाही ते त्यावरून सांगतो.